तीन कोन आणि क्षेत्रफळ माहीत असताना त्रिकोणाच्या बाजू कशा काढायच्या

कंपासपेटीतला ३०-६०-९० चा गुण्या आणि फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी गुण्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. कोन तेच आहेत, पण एक वीतभर आणि दुसरा हातभर. नुसत्या कोनांवरून बाजू का निघत नाहीत, हे या दोन गुण्यांवरून लगेच कळतं. कोन त्रिकोणाचा आकार सांगतात, तो केवढा आहे हे सांगत नाहीत. त्यासाठी आणखी एक माप लागतं. ते लांबीचंच असायला हवं असं नाही, क्षेत्रफळही चालतं. आकार कोनांकडून घ्यायचा आणि मोठेपणा क्षेत्रफळाकडून. पुढचं सगळं गणित एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे, आणि त्यात होणाऱ्या बहुतेक चुका या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

हा प्रश्न परीक्षेत येतो तसा प्रत्यक्षातही येतो. नकाशाची प्रत आहे, पण तिचं प्रमाण वाचता येत नाही. कोन मात्र कोनमापकाने मोजता येतात आणि क्षेत्र कागदपत्रात लिहिलेलं आहे. किंवा ठरावीक क्षेत्रफळाचा आणि ठरावीक कोनांचा तुकडा आखायचा आहे: बागेतला वाफा, सावलीसाठी ताणायचं त्रिकोणी कापड, शेताच्या कोपऱ्यातली जागा. मात्र तिन्ही बाजूंना टेप लावता येत असेल, तर या वाटेला जाऊच नका. सरळ बाजू मोजा. मोजलेली बाजू ही हिशोबाने काढलेल्या बाजूपेक्षा नेहमीच जास्त भरवशाची.

सूत्र कुठून येतं

त्रिकोणाचे शिरोबिंदू अ, ब, क. अ कोनासमोरची बाजू बक, ब कोनासमोरची कअ आणि क कोनासमोरची अब. "कोणत्या कोनासमोर कोणती बाजू" हे आकृती काढून आधीच पक्कं करा. कोनाच्या नावातलं अक्षर समोरच्या बाजूच्या नावात कधीच येत नाही, ही खूण पुरेशी आहे.

दोन गोष्टी लागतात. पहिली, दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन माहीत असेल तर

क्षेत्रफळ = ½ × कअ × कब × साइन क

दुसरी, साइनचा नियम. कोणतीही बाजू भागिले तिच्यासमोरच्या कोनाचा साइन, ही किंमत तिन्ही बाजूंसाठी एकच येते, आणि ती किंमत म्हणजे त्रिकोणाच्या परिवर्तुळाचा (तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा) व्यास. त्या व्यासाला व म्हणू. म्हणजे

बक = व × साइन अ
कअ = व × साइन ब
अब = व × साइन क

इथे क्षणभर थांबण्यासारखं आहे. त्रिकोणाची प्रत्येक बाजू ही त्याच्या परिवर्तुळाची जीवा असते आणि त्या जीवेचा अर्धा भाग म्हणजे आपल्या जुन्या गणितातली "ज्या". आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ३४३८ त्रिज्या धरून दर पावणेचार अंशांना अशा २४ ज्या दिल्या होत्या. "साइन" हा शब्दही याच "ज्या"पासून अरबी आणि लॅटिनमार्गे फिरून आपल्याकडे परत आला आहे. तेव्हा "बाजू = व्यास × साइन" हे पाठ करायचं सूत्र नाही. वर्तुळात बसवलेल्या त्रिकोणाकडे नीट पाहिलं तर ते समोरच दिसतं.

आता वरच्या बाजू क्षेत्रफळाच्या सूत्रात घाला:

क्षेत्रफळ = ½ × व² × साइन अ × साइन ब × साइन क

म्हणून

व = √( २ × क्षेत्रफळ ÷ (साइन अ × साइन ब × साइन क) )

व मिळाला की तिन्ही बाजू एकेका गुणाकाराने निघतात. वर्गमूळ का येतं हेही ध्यानात ठेवा. क्षेत्रफळ चौरस मापात असतं आणि बाजू साध्या मापात. क्षेत्रफळ चौपट झालं की बाजू दुप्पटच होतात.

पायऱ्या

१. तिसरा कोन काढा. दोन कोन माहीत असले तरी पुरतं, कारण तिसरा १८० मधून वजा करून मिळतो. तिन्ही मोजलेले असतील तर बेरीज तपासा. समजा ५२.३°, ६१.२° आणि ६७.१° आले. बेरीज १८०.६° झाली, म्हणजे ०.६° जास्त. तिन्ही कोन सारख्याच काळजीने मोजले असतील, तर प्रत्येकातून ०.२° काढा: ५२.१°, ६१.०°, ६६.९°. बेरीज दोन-तीन अंशांनी चुकत असेल तर फरक वाटून टाकू नका, पुन्हा मोजा. एवढी चूक वाटली की ती फक्त झाकली जाते.

२. क्षेत्रफळ एकाच एककात आणा. बाजू मीटरमध्ये हव्या असतील तर चौरस मीटर, फुटांत हव्या असतील तर चौरस फूट. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. १ गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, अर्थात १०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. आर आणि गुंठा जवळपास सारखे दिसतात म्हणून एकाच्या जागी दुसरा घेतला, तर क्षेत्रफळात १.२ टक्क्याचा फरक पडतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. ०.०८.०० म्हणजे ८ आर, म्हणजे ८०० चौरस मीटर.

३. तिन्ही साइन काढा, निदान चार दशांश स्थळांपर्यंत.

४. तिन्हींचा गुणाकार करून तो वेगळा लिहून ठेवा.

५. क्षेत्रफळाची दुप्पट करा, त्या गुणाकाराने भागा, वर्गमूळ घ्या. हा व.

६. व ला एकेका साइनने गुणा. शेवटी, आणि फक्त शेवटीच, पूर्णांकन करा.

७. पडताळा घ्या. ही पायरी टाळायची नाही. कारण खाली येईलच.

उदाहरण: ८ आरचा कोपरा

अ = ५२°, ब = ६१°, क = ६७°. क्षेत्र ८ आर, म्हणजे ८०० चौरस मीटर.

साइन ५२° = ०.७८८०
साइन ६१° = ०.८७४६
साइन ६७° = ०.९२०५

गुणाकार ०.६३४४. क्षेत्रफळाची दुप्पट १६००. १६०० ÷ ०.६३४४ हे २५२२ च्या आसपास येतं. वर्गमूळ ५०.२२, म्हणजे परिवर्तुळाचा व्यास ५०.२२ मीटर.

बक = ५०.२२ × ०.७८८० = ३९.५७ मीटर
कअ = ५०.२२ × ०.८७४६ = ४३.९२ मीटर
अब = ५०.२२ × ०.९२०५ = ४६.२३ मीटर

पडताळा: ½ × ३९.५७ × ४३.९२ × ०.९२०५ = ७९९.९. जमलं. या पडताळ्यात कोन पुन्हा वापरला आहे. कोनांना हात न लावता तपासायचं असेल, तर हेरॉनचं सूत्र घ्या. तिन्ही बाजूंच्या बेरजेचा अर्धा ६४.८६. त्यातून बाजू वजा केल्या की २५.२९, २०.९४ आणि १८.६३. चारही संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घेतलं की पुन्हा ८०० च्या घरात उत्तर येतं.

मध्येच पूर्णांकन केलं तर काय होतं? व ५०.२२ ऐवजी "पन्नासच धरू" म्हटलं, तर प्रत्येक बाजू अर्ध्या टक्क्याहूनही कमी चुकते आणि डोळ्यांना खटकत नाही. पण क्षेत्रफळ ७९३ चौरस मीटर भरतं. सात चौरस मीटर कमी, म्हणजे एक छोटी खोली.

विशालकोन असेल तर

सूत्र तेच राहतं. ९०° पेक्षा मोठ्या कोनाचा साइन काढताना गडबडायचं नाही: साइन १२५° = साइन (१८०° − १२५°) = साइन ५५°. साइन धनच असतो, ऋण होतो तो कोसाइन.

२ गुंठ्यांचा चपटा तुकडा घेऊ. कोन २०°, ३५°, १२५°. क्षेत्रफळ २१७८ चौरस फूट, दुप्पट ४३५६. (४३५६ म्हणजे ६६ चा वर्ग. गुंठा ३३ फुटांच्या चौरसाचा असल्यामुळे २ गुंठ्यांच्या हिशोबात व = ६६ ÷ √गुणाकार इतकं सोपं होतं.)

साइन अनुक्रमे ०.३४२०, ०.५७३६, ०.८१९२. गुणाकार ०.१६०७. त्याचं वर्गमूळ ०.४००९. व = १६४.६ फूट. बाजू ५६.३१, ९४.४३ आणि १३४.८७ फूट.

फुटांत काम करणाऱ्यांनी एक सापळा लक्षात ठेवावा. ५६.३१ फूट म्हणजे ५६ फूट ३ इंच नव्हे. ०.३१ ला १२ ने गुणा, म्हणजे ३.७ इंच. तसंच ९४.४३ म्हणजे ९४ फूट ५.२ इंच, आणि १३४.८७ म्हणजे १३४ फूट १०.४ इंच. शेवटच्या बाजूत ".८७ म्हणजे साडेआठ इंच" असं वाचलं, तर जवळजवळ दोन इंच गेलेच.

ओळखीचे कोन

परीक्षेतल्या गणितांत बहुधा ३०, ४५, ६० आणि ९० हेच कोन असतात आणि उत्तर वर्गमुळासकट नेमकं सुटतं. उदाहरणार्थ, ३०-६०-९०, क्षेत्रफळ १८√३. साइनचा गुणाकार ½ × √३/२ × १ = √३/४. क्षेत्रफळाची दुप्पट ३६√३. भागाकार १४४, व = १२. बाजू ६, ६√३, १२. काटकोन त्रिकोणात व हाच कर्ण असतो. त्यामुळे कर्णाहून वेगळा व आला, तर चूक तिथेच पकडता येते.

कोन गुणोत्तरात दिलेले असतात तेव्हा मुलं हमखास फसतात. "कोनांचं गुणोत्तर १:२:३" म्हणजे बाजूंचंही १:२:३ असं धरलं जातं. पण १, २, ३ लांबीच्या काड्यांचा त्रिकोण होतच नाही. १ आणि २ मिळून ३ होतात आणि तिन्ही काड्या एका रेषेत आडव्या पडतात. बाजूंचं गुणोत्तर कोनांच्या साइनचं असतं, कोनांचं नव्हे. आधी १८० ला ६ ने भागा, कोन ३०, ६०, ९० काढा, मग पुढे जा.

समभुज त्रिकोणाला एवढं करायची गरज नाही: बाजू = १.५२ × √क्षेत्रफळ.

त्रिकोणमिती न वापरता

साइन अजून शिकवलेला नसेल, किंवा कॅल्क्युलेटर नसेल, तरी काम अडत नाही. नमुन्याचा त्रिकोण काढा. सातवी-आठवीच्या मुलांना हा प्रश्न समजावायचा असेल, तर सूत्राच्या आधी हीच रीत दाखवावी. आकार आणि मोठेपणा वेगळे आहेत, हे यात हाताला जाणवतं.

वरचाच ८ आरचा तुकडा. कागदावर १० सेंमीचा पाया घ्या. डाव्या टोकाला ५२°, उजव्या टोकाला ६१° चा कोन काढा. दोन्ही रेषा जिथे मिळतात, तिथून पायावर लंब टाका आणि उंची मोजा. ती ७.५ सेंमी भरेल. क्षेत्रफळ ½ × १० × ७.५ = ३७.५ चौरस सेंमी. बाकीच्या दोन बाजू मोजल्या तर सुमारे ९.५ आणि ८.६ सेंमी.

आता ८०० ला ३७.५ ने भागा: २१.३३. वर्गमूळ ४.६२. म्हणजे कागदावरचा १ सेंमी म्हणजे जमिनीवरचे ४.६२ मीटर. तिन्ही बाजू गुणा: ४६.२, ४३.९, ३९.७ मीटर. सूत्राने आलेल्या उत्तराशी ताडून पाहा, जास्तीत जास्त फरक १५ सेंमीच्या आसपास आहे. साध्या पेन्सिलीने यापेक्षा जास्त मागणं योग्य नाही. पाया जितका मोठा, तितकी मोजणी नेमकी. ५ सेंमीचा चिमुकला त्रिकोण काढून अचूक उत्तराची अपेक्षा करू नका.

सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच होते: वर्गमूळ विसरणं. कागदावरच्या बाजूंना थेट २१.३३ ने गुणलं की पाया २१३ मीटर होतो. क्षेत्रफळांचं गुणोत्तर हे बाजूंच्या गुणोत्तराचा वर्ग असतं, एवढं डोक्यात ठेवायचं.

कोष्टकावरून साइन घ्यायचे असतील तर दर पाच अंशांचे एवढे पुरतात:

५° ०.०८७२, १०° ०.१७३६, १५° ०.२५८८, २०° ०.३४२०, २५° ०.४२२६, ३०° ०.५०००, ३५° ०.५७३६, ४०° ०.६४२८, ४५° ०.७०७१, ५०° ०.७६६०, ५५° ०.८१९२, ६०° ०.८६६०, ६५° ०.९०६३, ७०° ०.९३९७, ७५° ०.९६५९, ८०° ०.९८४८, ८५° ०.९९६२, ९०° १.

मधल्या कोनासाठी फरक प्रमाणात वाटा. ५२° हा ५० पासून दोन अंश पुढे आहे, म्हणजे फरकाचा २/५ भाग: ०.७६६० + ०.०२१३ = ०.७८७३. खरी किंमत ०.७८८०. या कोष्टकावरून वरचं उदाहरण सोडवलं तर बाजू ३९.५८, ४३.९५, ४६.२४ येतात, म्हणजे चूक तीन सेंमीपलीकडे जात नाही. कारण असं की साइनची चूक भागाकारात आणि गुणाकारात अशी दोन्हीकडे येते आणि बरीचशी कटते.

एकच बाजू हवी असेल

तिन्ही बाजूंची गरज नसेल, तर आणखी आखूड वाट आहे. हव्या असलेल्या बाजूच्या दोन टोकांचे कोन घ्या. उंचीमुळे पायाचे जे दोन भाग होतात, त्यांची बेरीज केली की

बाजू = √( २ × क्षेत्रफळ × (कॉट पहिला + कॉट दुसरा) )

कॉटचं बटण कॅल्क्युलेटरवर सहसा नसतं. १ भागिले टॅन करा. ५२° आणि ६१° साठी ०.७८१३ + ०.५५४३ = १.३३५६. गुणिले १६०० म्हणजे २१३७, वर्गमूळ ४६.२३. तिसऱ्या कोनाची गरजच पडली नाही. मात्र इथे विशालकोन आला तर त्याचा कॉट ऋण असतो आणि तो ऋणच ठेवायचा. २०° आणि १२५° च्या मधली बाजू: २.७४७५ − ०.७००२ = २.०४७३. गुणिले ४३५६, वर्गमूळ ९४.४३ फूट. साइनच्या रीतीत विशालकोनाला काही वेगळं करावं लागत नाही, या रीतीत चिन्हाकडे लक्ष ठेवावं लागतं.

कुठे बिघडतं

कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) असणं, हा पहिला संशयित. सुरुवातीलाच साइन ३० काढून पाहा. ०.५ आला तर ठीक. −०.९८८ आला तर रेडियनवर आहे, ०.४५४ आला तर ग्रेडियनवर. एक्सेलसारख्या तक्त्यात साइनचं फंक्शन नेहमी रेडियनच मागतं, म्हणून अंशांना आधी ३.१४१५९२७ ने गुणून १८० ने भागावं लागतं. ही चूक कधीकधी फार शिताफीने लपते. ५२, ६१, ६७ हे आकडे रेडियन समजून साइन काढले, तर ०.९८६६, −०.९६६१ आणि −०.८५५५ येतात. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन होतो, वर्गमूळ निमूटपणे निघतं आणि व ४४.३ येतो. तिथपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. बाजू काढायला गेल्यावर दोन बाजू ऋण येतात, तेव्हा कुठे चूक कळते. ऋण चिन्ह "चुकून आलं" म्हणून पुसून टाकणाऱ्यांना तेही कळत नाही.

दुसरी चूक कंसाची, आणि ती जास्त धोक्याची. १६०० ÷ ०.७८८० × ०.८७४६ × ०.९२०५ असं सलग टाइप केलं, की कॅल्क्युलेटर फक्त पहिल्या साइनने भागतो आणि उरलेल्या दोघांनी गुणतो. व ४०.४३ येतो. बाजू ३१.८६, ३५.३६, ३७.२२. आता या बाजूंकडे पाहा: मोठ्या कोनासमोर मोठी बाजू आहे, गुणोत्तर अगदी बरोबर आहे, चिन्हं ठीक आहेत. आकार बरोबर, मोठेपणा चूक. क्षेत्रफळाचा पडताळा घेतला तरच ५१८ चौरस मीटर दिसतात आणि चूक उघडी पडते. सातवी पायरी टाळायची नाही, ती यासाठी. चौथ्या पायरीत गुणाकार वेगळा लिहून ठेवायला सांगितला, तोही यासाठीच.

अंश-मिनिटांचाही घोळ होतो. ५२ अंश ३० मिनिटं म्हणजे ५२.५°, ५२.३०° नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचं.

आणि २ विसरणं. क्षेत्रफळाची दुप्पट न करता भागलं तर सगळ्या बाजू ०.७०७ पट येतात आणि पडताळ्यात क्षेत्रफळ बरोबर निम्मं भरतं. निम्मं आलं की दुसरीकडे शोधू नका, २ राहिला आहे.

उत्तरावर किती विसंबायचं

हा भाग बहुतेक ठिकाणी सांगितला जात नाही, आणि जमिनीवर काम करणाऱ्याला तोच सगळ्यात जास्त लागतो.

क्षेत्रफळातली चूक वर्गमुळामुळे निम्मी होते. क्षेत्रफळ १ टक्का चुकलं तर बाजू अर्धा टक्का चुकते. कोनांचं तसं नाही. तिथे त्रिकोण कसा आहे यावर सगळं अवलंबून असतं.

१०० चौरस मीटरचा समभुज त्रिकोण घ्या. प्रत्येक बाजू १५.२० मीटर. आता ६०, ६०, ६० ऐवजी मोजणीत ६१, ६०, ५९ आले असं समजा. बाजू १५.३५, १५.२० आणि १५.०४ होतात. एक अंशाच्या चुकीने पंधरा-सोळा सेंमी, म्हणजे एक टक्का. चालून जाईल.

आता तेवढ्याच क्षेत्रफळाचा, पण टोकाला ५° चा कोन असलेला समद्विभुज त्रिकोण घ्या. लांब बाजू ४७.९० मीटर. तोच कोन ६° मोजला गेला तर ४३.७४ मीटर. एका अंशाने चार मीटर गेले. आखूड बाजूही ४.१८ वरून ४.५८ होते. कारण ५° चा साइन ०.०८७२ आणि ६° चा ०.१०४५, म्हणजे एका अंशात साइन वीस टक्क्यांनी वाढतो. ६० च्या आसपास तोच एका अंशात एका टक्क्यानेच बदलतो.

म्हणून एखादा कोन १५° च्या खाली असेल, तर कोनमापकाने किंवा होकायंत्राने मोजलेल्या कोनांवरून बाजू काढू नका. प्रिझमॅटिक होकायंत्र जेमतेम अर्ध्या अंशापर्यंत वाचता येतं आणि जवळ लोखंडी खांब, पत्रा किंवा वीजवाहिनी असेल तर तेवढाही भरवसा राहत नाही. मोबाइलमधलं होकायंत्र त्याहून कच्चं. अशा निमुळत्या तुकड्याची एक तरी बाजू टेपने मोजा आणि कोन थिओडोलाइटने (कोन मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राने) घ्या.

जमिनीवर आखताना

सगळ्यात लांब बाजू आधी टाका. वरच्या उदाहरणात अब, ४६.२३ मीटर. दोन्ही टोकांना खुंट्या ठोका आणि दोरी ताणा. मग अ खुंटीवरून ४३.९२ मीटरचा आणि ब खुंटीवरून ३९.५७ मीटरचा टेप एकाच वेळी ताणत न्या. दोन्ही टेप जिथे मिळतात तो क. टेपांची अदलाबदल झाली तर त्रिकोण तेवढाच होतो, क्षेत्रफळही तेच भरतं, पण ५२° चा कोन ६१° च्या जागी जातो आणि सगळा तुकडा उलटा पडतो. तसंच अब रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक क सापडतो. कोणत्या बाजूचा हवा, ते आकृतीवर आधीच लिहून ठेवा.

जमीन उताराची असेल तर टेप उतारावर टेकवू नका. नकाशातली लांबी आणि कागदावरचं क्षेत्र आडव्या पातळीत धरलेलं असतं. १०° च्या उतारावर टेकवून मोजलेले ४० मीटर आडव्या पातळीत ३९.३९ मीटरच भरतात. टेप आडवा धरून टोकाला ओळंबा सोडा आणि लांब अंतर असेल तर टप्प्याटप्प्याने उतरा.

आणि बांधाचा प्रश्न असेल तर एवढं ध्यानात असू द्या: या हिशोबाने आलेल्या लांबीवरून हद्दीचा दगड हलवता येत नाही. सातबाऱ्यावरचं क्षेत्र घेऊन काढलेल्या बाजू वाफे आखायला, तारेच्या कुंपणाचा अंदाज काढायला किंवा मोजणीचा नकाशा ताडून पाहायला वापरा. हद्द ठरवायची असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे रीतसर मोजणीचा अर्ज करावा लागतो.